टॉवेलवरचा शिक्का : लष्करी रुग्णालयांतल्या चुकांची मोजदाद

 

आज सुरुवात एका टॉवेलपासून करतो. तीस इंच लांब, अठरा इंच रुंद. हात पुसायच्या नॅपकिनपेक्षा बराच मोठा, आंघोळीच्या टॉवेलपेक्षा लहान. त्याच्यावर शिक्का होता : 'मेडिकल डिपार्टमेंट, यू. एस. आर्मी'. हा टॉवेल सापडला एका माणसाच्या पोटात. माणूस अमेरिकन लष्करात होता, नोकरीत असताना लष्करी शल्यविशारदाने त्याच्या पोटाची शस्त्रक्रिया केली. पुढे तो लष्करातून मोकळा झाला. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे आठ महिन्यांनी दुसरी करावी लागली, तेव्हा हा टॉवेल बाहेर आला. शिक्क्यासकट.

मी हे कुठल्या गावगप्पांतून सांगत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९५० च्या निकालपत्रात टॉवेलची लांबी-रुंदी आणि शिक्क्याचा मजकूर दिलेला आहे. तीन वेगवेगळे दावे न्यायालयाने एकत्र ऐकले होते. त्यांतला पहिला फेरेस नावाच्या अधिकाऱ्याचा होता, बराकीला आग लागून तो गेला होता. म्हणून हा निकाल 'फेरेस' नावाने ओळखला जातो. टॉवेल कोणाचा याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती, चोराने पत्ता लिहून ठेवावा तसा तो होता. तरीही न्यायालय म्हणालं, नुकसान सेवेच्या ओघात झालं असेल तर सैनिकाला सरकारवर दावा लावता येणार नाही. सैनिक आणि सरकार यांचं नातं वेगळं आहे, आणि भरपाईसाठी पेन्शन वगैरे सोय आहेच. नंतरच्या निकालांनी त्यात आणखी एक कारण घातलं : शिस्त. शिपायाने वरिष्ठाला कोर्टात खेचायला सुरुवात केली तर पलटण चालायची कशी?

आपल्याकडचं एक प्रकरण याच्या शेजारी ठेवतो. १९६३ सालचं औरंगाबाद. सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली, तीन दिवसांनी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्रास सुरू झाला. पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत मॉप निघाला, म्हणजे रक्त टिपायचा कपडा, टॉवेलच. काही दिवसांत ती गेली. इथेही उच्च न्यायालयापर्यंत एक युक्तिवाद टिकला, की रुग्णालय चालवणं हे सरकारचं सार्वभौम काम आहे, त्यासाठी सरकारला जबाबदार धरता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो फेटाळला आणि महाराष्ट्र सरकारला जबाबदार धरलं. तेहेतीस वर्षं लागली. खालच्या कोर्टाने मंजूर केलेली रक्कम होती छत्तीस हजार रुपये.

कायद्याचा विषय मी इथेच बाजूला ठेवतो. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. ज्या लष्कराच्या टॉवेलवरसुद्धा शिक्का असतो, ज्याच्याकडे बुटाच्या नाड्यांचाही हिशेब असतो, त्या लष्कराला स्वतःच्या रुग्णालयातल्या चुका मोजायला इतकं जड का गेलं? कारण मोजदादीचं वैद्यक लष्करानेच जगाला शिकवलं, असं म्हटलं तरी फार अतिशयोक्ती होणार नाही.

क्रिमियाचं युद्ध आपण शाळेत वाचतो ते फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या कंदिलामुळे. कंदिलापेक्षा तिची वही महत्त्वाची होती. स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्या दर शंभरांत बेचाळीस मरत होते. इमारतीखालची गटारं तुंबलेली. मार्चमध्ये स्वच्छता आयोगाची माणसं आली, गटारं उपसली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात दोनाच्या आसपास आलं. शत्रूच्या गोळीपेक्षा स्वतःच्या रुग्णालयाने जास्त माणसं मारली होती, हे तिने इंग्लंडला परतल्यावर आकड्यांनी आणि रंगीत आकृत्यांनी दाखवलं. तिचा पुढचा विषय होता हिंदुस्थान. इथल्या गोऱ्या फौजेसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला. हिंदुस्थानात दर हजार गोऱ्या शिपायांमागे वर्षाला एकोणसत्तर मृत्यू, हा त्यातला गाजलेला आकडा. दहा वर्षांनी तिनेच लिहिलं की तो अठरावर आला. नेटिव्ह लोकांचे मृत्यू इतक्या काळजीने कोण मोजत होतं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो योग्यच आहे. मोजदाद होते ती मोजणाऱ्याला ज्याची गरज असते त्याची. शिपाई मेला तर दुसरा आणायला जहाजाचं भाडं पडत होतं.

बाईंच्या मोजदादीत एक सोय होती, हेही लक्षात घ्या. दोष कुठल्या एका डॉक्टरवर येत नव्हता, तो गटारावर जात होता. गटाराला हुद्दा नसतो.

आता मुंबईत येऊ, परळला. ही गोष्ट लष्कराची नाही, पण पुढची लष्करी गोष्ट समजायला ती हवी. ऑक्टोबर १९०२ च्या अखेरीस पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस टोचली गेली. लस परळच्या प्रयोगशाळेत, वाल्देमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली बनलेली. त्या दिवशी एकशे सात जणांना टोचलं. त्यांतले एकोणीस जण धनुर्वाताने मेले, आणि ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटली क्रमांक ५३-एन. बाकीच्यांना काही झालं नाही. बाटलीवर क्रमांक होता आणि कोणाला कुठल्या बाटलीतून टोचलं याची नोंद होती, म्हणून एवढं तरी कळलं. पण ती बाटली बिघडली कुठे, परळला भरताना की मुलकोवालला उघडताना? सरकारने आधी हाफकिनना पदावरून दूर केलं. पुढे उजेडात आलं की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. आज परळच्या संस्थेला त्यांचं नाव आहे. मधली पाच वर्षं मात्र गेलीच.

बाटलीचा क्रमांक ध्यानात ठेवा आणि आता चाळीस वर्षं पुढे चला.

१९४१-४२. अमेरिका युद्धात उतरते आहे. फौजा उष्ण कटिबंधात जाणार, तिथे पीतज्वराची भीती. पीतज्वर म्हणजे यलो फीवर. आपल्यातलं कोणी केनिया-युगांडाला गेलं असेल तर विमानतळावर दाखवायचं पिवळं कार्ड आठवेल, तीच लस. तिचं नाव १७-डी. मॅक्स थायलर यांनी ती रॉकफेलर प्रतिष्ठानच्या न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत १९३७ मध्ये तयार केली, पुढे १९५१ चं नोबेल त्यांना मिळालं. लस उत्तम होती. पण विषाणू नाजूक. तो कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात वाढवायचा आणि टिकून राहावा म्हणून त्यात मानवी सीरम मिसळायचं. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी. हे रक्त देणारे स्वयंसेवक कोण? जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय विद्यार्थी, परिचारिका, शिकाऊ डॉक्टर. निरोगी, तरुण, विश्वासू माणसं. त्यांतल्या काहींना पूर्वी कधीतरी कावीळ होऊन गेली होती.

मार्च १९४२ पासून कॅलिफोर्नियातल्या लष्करी तळांवर तरुण शिपाई पिवळे पडू लागले. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्न नकोसं. फौजेत कावीळ येणं नवं नव्हतं. जुन्या युद्धांतही ती यायची आणि पाणी-जेवणावर ढकलली जायची. इथेही पहिला संशय तिकडेच गेला. लसीवर यायला अडचण होती, कारण टोचल्यापासून कावीळ व्हायला दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त लागत होते. टोचलं एका तळावर, आजारी पडला दुसऱ्याच राज्यात, कदाचित समुद्रापलीकडे. पिवळ्या पडलेल्या शिपायाला महिन्यांपूर्वीची सुई आठवणारही नाही.

लष्कराला मात्र आठवण होती, कागदावर. प्रत्येक शिपायाच्या लसीकरणाच्या नोंदीत कुठली लस, कधी, आणि कुठल्या लॉटची हे लिहिलेलं होतं. लॉट म्हणजे एका वेळी बनवलेला साठा. आता ताळा बघायचा. तोच तळ, तीच खानावळ, तेच पाणी. तरी कावीळ झालेले शोधले तर ते विशिष्ट लॉट टोचलेल्यांतच सापडायचे. शेजारच्या खाटेवरचा, दुसऱ्या लॉटचा शिपाई ठणठणीत. परळची ५३-एन बाटलीच, फक्त प्रचंड मोठी.

१५ एप्रिल १९४२ रोजी सर्जन जनरलने सीरम घातलेली लस थांबवली आणि सीरमविरहित लस आणवली. पण आधीच लाखो दंडांत सुई गेली होती. म्हणून आदेशानंतरही आकडे चढतच राहिले, जूनमध्ये सर्वांत वर गेले. जुलैत युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी जाहीर केलं : अठ्ठावीस हजारांहून अधिक कावीळ, बासष्ट मृत्यू. युद्ध ऐन भरात असताना, स्वतःच्या सरकारने स्वतःच्या फौजेला दिलेल्या लसीबद्दल. अंतिम हिशेबात रुग्णालयात दाखल झालेले सुमारे पन्नास हजार निघाले. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पीतज्वर त्या युद्धात अमेरिकन फौजेला शिवलाही नाही.

लॉटची छाननी करून १९४४ मध्ये ज्यांनी सविस्तर अहवाल छापला, त्यांत पहिलं नाव विल्बर सॉयर यांचं होतं, म्हणजे ज्या विभागाने लस बनवली त्याचेच प्रमुख. स्वतःच्या चुकीचा पंचनामा स्वतः लिहिला. हे मला मोठं वाटतं. पण टाळ्या वाजवण्याआधी दुसरी बाजू पाहा. लंडनमध्ये फिंडले आणि मॅकॲलम या दोघांनी १९३७ मध्येच छापलं होतं की पीतज्वराच्या लसीनंतर काही लोकांना कावीळ होते आहे. ब्राझीलमध्ये १९३९-४० च्या सुमारास असाच प्रकार घडला, आणि तिथल्या लोकांनी, रॉकफेलरच्याच लोकांनी, सीरम घालणं बंद केलं. न्यूयॉर्कमध्ये ते चालू राहिलं. म्हणजे कागद होता, छापलेला होता, वाचणारे एकाच संस्थेचे पगारी होते. तरी रिओची चूक न्यूयॉर्कला कळली असं म्हणता येत नाही. कळणं म्हणजे नुसती माहिती पोचणं नव्हे. ती ज्याच्या हातात नळ आहे त्याने नळ बंद करणं.

या गोष्टीला एक शेपूट आहे, इतिहासकाराला हेवा वाटावा असं. १९४२ मध्ये कोणालाच कळलं नाही की सीरममधून आलं तरी काय. हिपॅटायटिस बी हा विषाणू १९६० च्या दशकानंतर ओळखीचा झाला. मग १९८५ मध्ये संशोधकांनी ५९७ जुने सैनिक शोधून काढले. तेव्हा वीस-पंचविशीचे, आता साठी ओलांडलेले आजोबा. त्यांचे तीन गट केले : लस टोचली आणि कावीळ झाली ते, तीच लस टोचली पण काही झालं नाही ते, आणि नंतर सीरमविरहित लस मिळाली ते. सगळ्यांचं रक्त तपासलं. पहिल्या गटात शंभरातल्या जवळपास अठ्ठ्याण्णवांच्या रक्तात हिपॅटायटिस बी येऊन गेल्याची खूण होती. तिसऱ्यात शंभरात तेरा. आणि दुसऱ्या, 'काही झालं नाही' वाल्या गटात? शंभरात शहात्तर-सत्त्याहत्तर. म्हणजे आजारी पडलेले पन्नास हजार ही नुसती वरची साय होती. खरी लागण सुमारे तीन लाख तीस हजार लोकांना झाली असावी, असा अंदाज त्यांनी काढला. त्रेचाळीस वर्षांनी हे शक्य झालं ते कारकुनांनी भरलेल्या त्या कंटाळवाण्या नोंदींमुळे.

मग १९४२ च्या कावीळीचा असा छडा लावणारं लष्कर आणि १९५० मध्ये टॉवेलबद्दल न्यायालयाच्या दारातूनच दावा परत पाठवणारं सरकार, हे दोन वेगळे देश नाहीत. फरक प्रश्नात आहे. कावीळीत प्रश्न होता, कुठल्या लॉटमधून? टॉवेलच्या बाबतीत प्रश्न येतो, कोणाच्या हातून? आणि तो हात हुद्देवाल्याचा असतो. आपलेच दात, आपलेच ओठ.

हे माझं नुसतं मत नको. अलीकडची दोन उदाहरणं देतो, दोन्ही त्याच अमेरिकन लष्कराची, जवळपास एकाच काळातली.

पहिलं रणांगणावरचं. अफगाणिस्तान आणि इराकच्या युद्धांत त्यांनी जखमींची एक सामायिक नोंदवही उभी केली. कोण, कुठे जखमी झाला, काय उपचार झाले, पुढे काय झालं. आणि मेलेल्यांची शवचिकित्सा करून प्रत्येकाबद्दल एक कठोर प्रश्न विचारला : हा वाचू शकला असता का? ऑक्टोबर २००१ ते जून २०११ मधल्या ४,५९६ मृत्यूंची अशी छाननी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरातले सत्त्याऐंशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोचण्याआधीच गेले होते. त्यांतले जवळपास एक चतुर्थांश, ९७६ जण, वाचण्याची शक्यता होती. आणि त्या ९७६ मधले नव्वद टक्क्यांहून अधिक रक्तस्रावाने गेले.

रक्त थांबवायला काय लागतं? हातापायाला आवळून बांधायचा पट्टा, टूर्निकेट. पण कित्येक वर्षं वैद्यकात शिकवलं जायचं की हा शेवटचा उपाय, बांधला तर हात-पाय गमवावा लागतो. युद्धाच्या सुरुवातीला बऱ्याच शिपायांकडे धड पट्टाही नव्हता. नोंदी साठत गेल्या तसं चित्र उलटलं. बगदादच्या लष्करी रुग्णालयातल्या अभ्यासात दिसलं की रुग्ण खचण्याआधी, म्हणजे शॉकमध्ये जाण्याआधी, पट्टा बांधला तर शंभरात नव्वद वाचतात. शॉकमध्ये गेल्यावर बांधला तर दहा. अमेरिकन रेंजर्सच्या रेजिमेंटने तर डॉक्टरच नव्हे, प्रत्येक शिपायाला हे शिकवलं, आणि स्वतःच्या प्रत्येक जखमीची नोंद ठेवली. त्यांच्याकडे रुग्णालयाआधीच्या उपचारांतल्या उणिवेमुळे टाळता येण्याजोगा मृत्यू एकही निघाला नाही. मोजदादीने माणसं वाचवली, आणि जुनं पाठ्यपुस्तक चुकीचं ठरवलं. हे खरोखर थोर काम आहे. आज मुंबई-पुण्याची रुग्णवाहिका जो पट्टा वापरते, त्यामागे त्या वाळवंटातल्या वह्या आहेत.

दुसरं उदाहरण घरचं. त्याच सैन्याची मायदेशातली रुग्णालयं. इथे शिपाई, त्यांच्या बायका, मुलं, निवृत्त लोक उपचार घेतात. बाळंतपणं पुष्कळ होतात. १९८६ मध्ये एक कायदा झाला : लष्करी रुग्णालयात गुणवत्ता तपासण्यासाठी जी आतली चौकशी होईल तिचे कागद गोपनीय. न्यायालयाला नाहीत, रुग्णालाही नाहीत. हेतू वाईट नव्हता. डॉक्टर मोकळेपणाने बोलावेत, चूक कबूल करताना त्यांना भीती वाटू नये. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय चुकांवरचा प्रसिद्ध अहवाल आला. वर्षाला चव्वेचाळीस हजार ते अठ्ठ्याण्णव हजार मृत्यू रुग्णालयातल्या चुकांमुळे होत असावेत, असा त्याचा अंदाज होता. देश हादरला. पाठोपाठ संसदेने संरक्षण खात्याला बजावलं की चुकांची नोंद एका ठिकाणी करा. रुग्णसुरक्षा केंद्र झालं. नियम ठरला की अनपेक्षित मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर मुळापर्यंत जाऊन चौकशी करायची आणि ती केंद्राला पाठवायची.

२००६ मध्ये त्यांनी नागरी आरोग्य खात्याच्या बरोबरीने एक प्रशिक्षणक्रम काढला, 'टीमस्टेप्स'. मला त्यातला एक भाग फार बोलका वाटतो. धोका दिसला तर कनिष्ठाने वरिष्ठाला कसं अडवायचं, हे तिथे चक्क पाठ करून घेतात. आधी म्हणायचं, मला काळजी वाटते आहे. मग, मला हे बरं वाटत नाही. आणि तरी ऐकलं नाही तर, हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. एकदा दुर्लक्ष झालं तर पुन्हा एकदा बोलायचं, हा नियम. 'येस सर' म्हणायची सवय लावायला ज्या संस्थेने शतकं घालवली, तिला 'नो सर' म्हणायचे धडे छापावे लागले! हसू येतं, पण आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टरने मोठ्या सर्जनला "सर, एक मॉप कमी आहे" असं दोनदा सांगायचं म्हणजे काय, हे तुमच्यातल्या परिचारिकांना विचारा. औरंगाबादचा तो कपडा आत राहिला तेव्हा तिथे मोजणी झाली होती का, आणि झाली असेल तर कोणी कोणाला काय सांगितलं, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं.

नियम झाला, प्रशिक्षण झालं. मग २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी कागद तपासले. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत कर्मचाऱ्यांनी २३९ अनपेक्षित मृत्यूंची खबर दिली होती. रुग्णसुरक्षा केंद्राकडे पोचलेल्या चौकश्या होत्या शंभर. रणांगणावरच्या साडेचार हजार मृत्यूंतला एकेक तपासणाऱ्या सैन्याकडून, घरच्या रुग्णालयात तीन वर्षांतल्या दोनशे एकोणचाळीस मृत्यूंपैकी निम्म्याचीही चौकशी मुक्कामाला पोचली नाही. त्याच सुमारास संरक्षणमंत्री चक हेगल यांनी सगळ्या लष्करी आरोग्यव्यवस्थेची नव्वद दिवसांत फेरतपासणी करायला सांगितलं होतं.

आता गोपनीयतेबद्दल बोलतो, कारण नंतर हा प्रश्न येणारच. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' एवढ्यावर ती निकालात काढणं सोपं आहे, पण अन्यायाचं होईल. विमानवाहतुकीत १९७६ पासून एक पद्धत आहे. वैमानिक स्वतःची चूक कळवतो ती ज्या खात्याच्या हातात त्याचा परवाना आहे त्या खात्याला नाही, तर नासा या तिसऱ्याच संस्थेला. नासा नाव काढून टाकते आणि चुकीतून काय शिकायचं ते सगळ्यांना कळवते. नाव झाकलं जातं, चूक उघडी होते. लष्करी रुग्णालयांत झालं उलट : चूकच झाकली गेली. आणि दार लावून घेतलं तरी आतला माणूस बोलला नाही, कारण त्याची बढती, बदली, गोपनीय अहवाल हे सगळं ज्याच्या हाती, तोच खबर घेणारा. तिसरा कोणी नाहीच. त्यात फेरेसच्या निकालामुळे बाहेरून दार ठोठावणाराही उरला नव्हता. एक विचित्र गोष्ट सांगतो. बाळंतपणात चूक झाली तर शिपायाची बायको सरकारवर दावा लावू शकत होती. ती स्वतः वर्दीत असेल तर नाही. शेजारशेजारच्या दोन खाटा, तोच डॉक्टर.

भारतात न्यायालयाचं दार असं बंद नव्हतं, पण कागद इथेही अडले. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर फौजा उभ्या केल्या, ते ऑपरेशन पराक्रम तुम्हाला आठवत असेल. जुलै २००२ मध्ये जम्मू भागातल्या सांबा इथल्या लष्करी रुग्णालयात हवाई दलाच्या एका कॉर्पोरलला एक बाटली रक्त चढवलं गेलं. २०१४ मध्ये त्याला एचआयव्ही असल्याचं निदान झालं. बारा वर्षांचं अंतर. १९४२ च्या कावीळीसारखंच, फक्त महिन्यांच्या जागी वर्षं. पण इथे लॉटचा धागा हाती लागेना. ते रक्त कोणाचं, कधी तपासलं, कोणी तपासलं, याचे कागद त्याला मिळवता मिळेनात. ग्राहक आयोगाने त्याचा दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तो मान्य केला आणि हवाई दल व भूदल या दोघांनी मिळून एक कोटी चोपन्न लाख त्र्याहत्तर हजार रुपये द्यावेत असा आदेश दिला. निकालातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने नेमकी आहे : एखाद्या व्यक्तीवर ठपका ठेवता येत नाही, म्हणून दोन्ही दलं जबाबदार. नाव सापडलं नाही म्हणून संस्था सुटली नाही. १९५० च्या टॉवेलवर संस्थेचं नाव छापलेलं होतं, तरी ती सुटली होती.

अमेरिकेतही थोडं हललं आहे. फुप्फुसाचा कर्करोग लष्करी डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेला एक सैनिक काँग्रेसचे उंबरठे झिजवत राहिला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला. आता वर्दीतल्या माणसाला वैद्यकीय चुकीबद्दल भरपाईचा अर्ज करता येतो. पण न्यायालयात नाही. फेरेसचा निकाल अजून उभा आहे. अर्ज करायचा संरक्षण खात्याकडे, आणि निर्णय देणार तेच खातं. आपल्या त्या टॉवेलवाल्या सैनिकाला आज अर्ज भरता आला असता. त्याने तो टॉवेल पुरावा म्हणून जोडला असता, आणि टेबलापलीकडे बसलेल्या माणसाने त्याच्यावरचा आपल्याच घरचा शिक्का वाचला असता.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. आणि कोणी ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलेलं असेल तर मॉप मोजण्याबद्दल मलाच तुम्हाला काही विचारायचं आहे.